गव्हाआधीचा कागद

प्रस्तावना

आमच्या वस्तीला एका कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव आहे. हुडको म्हणजे घरबांधणीला पैसा पुरवणारे सरकारी महामंडळ, 1970 साली स्थापन झालेले. कागदोपत्री आमचा पत्ता आमदी नगर. पण रिक्षावाल्याला, गॅसवाल्याला आणि लग्नपत्रिका छापणाऱ्यालाही ‘हुडको’ एवढेच पुरते. ज्या कारखान्यामुळे ही वस्ती वसली, तो भिलाईचा पोलाद कारखानाही परदेशी कर्जावरच उभा राहिला. तेव्हा उसनवारीचे आम्हाला वावडे असण्याचे कारण नाही. मात्र एक प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. उसने देताना देणाऱ्याच्या घरात काय बोलणे झाले? कोण नको म्हणाले, कोणी समजूत घातली, आणि दाराशी उभ्या असलेल्याला तोवर किती वेळ ताटकळावे लागले?

या पुस्तिकेत तेवढेच विचारले आहे. परक्या देशावर संकट आले, तिथल्या माणसांना तातडीची मदत द्यायची असे एखाद्या श्रीमंत देशाच्या सरकारने ठरवले, तर त्या इच्छेचा कायदा कसा होतो? नियमांची जंत्री देऊन याचे उत्तर देता आले असते. पण जंत्री वाचून कोणाला काही कळत नाही. म्हणून आम्ही एकच विधेयक हाती घेतले आणि ते जन्मापासून राष्ट्राध्यक्षांच्या सहीपर्यंत पाहिले. ते विधेयक आपल्याच भुकेविषयी होते. 1951 साली अमेरिकेच्या संसदेने केलेला भारतासाठीचा तातडीच्या अन्नसाहाय्याचा कायदा. त्या संसदेचे नाव काँग्रेस. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा असल्यामुळे पुस्तिकेत सगळीकडे ‘अमेरिकी संसद’ असेच लिहिले आहे.

आधी भूक. 1950 हे वर्ष वाईट गेले. कुठे अवर्षण, कुठे पूर. 15 ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनीच, आसामात प्रचंड भूकंप झाला. फाळणीने गव्हाचा आणि तांदळाचा मोठा मुलूख आधीच पलीकडे गेला होता. जानेवारी 1951 मध्ये सरकारने शिधावाटपातले धान्य माणशी दिवसाला 12 औंसांवरून 9 औंसांवर आणले. हे आकडे वाचून पुढे जाणे सोपे असते, म्हणून मी परवा स्वयंपाकघरातला काटा काढला. 9 औंस म्हणजे 255 ग्रॅम. तेवढी कणीक परातीत घेतली, मळली आणि लाटायला बसलो. पातळ पोळ्या आठ झाल्या, नववीला कणीक पुरली नाही. 12 औंसांच्या अकरा झाल्या असत्या. म्हणजे कपात होती दिवसाला तीन पोळ्यांची, अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या ताटातून. भाजी-वरणाची रेलचेल असलेल्या घरात तीन पोळ्यांनी काही बिघडत नाही. पण जिथे कालवणाला फक्त मिरची आणि मीठ, तिथे त्या तीन पोळ्या हेच संध्याकाळचे जेवण.

16 डिसेंबर 1950 रोजी वॉशिंग्टनमधल्या भारतीय राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अॅचेसन यांच्याकडे 20 लाख टन धान्याची मागणी केली. अमेरिकेत गहू होता. जहाजे होती. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांची द्यायची तयारीही झाली. वर्तमानपत्री भाषेत इथेच ‘मदत जाहीर’ असा मथळा येतो आणि वाचकाला वाटते, झाले काम. प्रत्यक्षात कामाला अजून सुरुवातच झालेली नसते. अमेरिकेच्या राज्यघटनेने तिजोरीची किल्ली राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिलेली नाही. कायद्याने मंजुरी मिळाल्याशिवाय तिच्यातून एक डॉलरही निघत नाही. राष्ट्राध्यक्ष फक्त मागू शकतात. ट्रूमन यांनी 12 फेब्रुवारी 1951 रोजी संसदेला संदेश पाठवून मागितले. आपल्या मागणीला तोवर दोन महिने होत आले होते.

इथे आपल्या वाचकाने एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे सरकार म्हणजे लोकसभेतले बहुमत. मंत्रिमंडळाने ठरवले की पैशाची तरतूद परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदान-मागणीत बसवता येते. 2022 मध्ये श्रीलंकेचे दिवाळे निघाले तेव्हा भारताने सुमारे 4 अब्ज डॉलरचा आधार दिला. त्यासाठी ‘श्रीलंका साहाय्य विधेयक’ असे काही संसदेत आले नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळे निवडून येतात, संसद वेगळी निवडून येते, आणि तिथल्या खासदाराला पक्षाच्या व्हिपपेक्षा आपल्या मतदारसंघातल्या शेतकऱ्याची आणि करदात्याची चिंता जास्त. त्यामुळे तिथे मदतीचे विधेयक हे घरच्या सगळ्या रुसव्याफुगव्यांतून वाट काढत पुढे जाते.

ती वाट साधारण अशी. विधेयक प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन्हीपैकी कुठल्याही सभागृहात मांडता येते. अनेकदा दोन्हीकडे जवळपास सारखीच विधेयके एकाच वेळी मांडली जातात. मांडल्यावर त्याला क्रमांक मिळतो आणि ते संबंधित समितीकडे जाते. समिती साक्षी घेते. मंत्री येतात, अधिकारी येतात, शेतकरी संघटना आणि चर्चचे प्रतिनिधी येतात. मग समिती ओळ न् ओळ वाचून दुरुस्त्या करते आणि अहवालासह विधेयक सभागृहाकडे पाठवते. प्रतिनिधिगृहात मध्ये आणखी एक दार आहे, नियम समितीचे. कुठले विधेयक केव्हा चर्चेला येणार, किती तास बोलायचे, कोणत्या दुरुस्त्या मांडता येणार, हे ती ठरवते. सभागृहात बहुमत असूनही नियम समितीच्या कडीमुळे विधेयक महिनोन् महिने बाहेर थांबू शकते. दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले मसुदे वेगळे असले तर दोघांची संयुक्त समिती बसते, एक मसुदा ठरतो, तो पुन्हा दोन्हीकडे मंजूर व्हावा लागतो. मग राष्ट्राध्यक्षांकडे. रविवार सोडून दहा दिवसांत त्यांनी सही करायची किंवा विधेयक परत पाठवायचे. परत पाठवलेले विधेयक दोन्हीकडे दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर झाले तर सहीशिवायही कायदा होतो.

आराखडा एवढाच. पण तातडीच्या मदतीचे विधेयक या दारांतून जाताना काय होते ते 1951 मध्ये दिसते.

प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्र व्यवहार समितीने अनुकूल अहवाल दिला. माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर रिपब्लिकन, म्हणजे ट्रूमन यांच्या विरोधी पक्षाचे. पण महायुद्धानंतरच्या अन्नटंचाईची पाहणी करत 1946 मध्ये ते भारतात येऊन गेले होते. त्यांनी पाठिंबा दिला. सिनेटमध्ये ह्यूबर्ट हंफ्री आग्रह धरून होते. तरी नियम समितीने विधेयक अडवून धरले, आणि सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष टॉम कॉनली यांना भारताचा राग होता.

रागाचे कारण कोरिया. अमेरिकी सैनिक तिथे मरत होते, आणि चीनला आक्रमक ठरवण्याच्या ठरावावर 1 फेब्रुवारी 1951 रोजी संयुक्त राष्ट्रांत भारताने विरोधी मत दिले. ट्रूमन यांचा संदेश गेला तो अकरा दिवसांनी. ‘आमच्याविरुद्ध मत देणाऱ्याला आम्ही का जेवू घालायचे’ हा प्रश्न मतदारसंघात बोलायला सोपा होता. त्याला उत्तर म्हणून काहींनी सौदा सुचवला. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट सापडते आणि त्यात थोरियम असते. अणुशक्तीसाठी उपयोगी म्हणून भारताने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. गहू हवा तर ती वाळू द्या, असा तो सूर.

तिकडे हे चालू असताना सोव्हिएत संघाने आणि चीननेही धान्य देऊ केले. त्या प्रस्तावांच्या बातम्या वॉशिंग्टनमध्येही वाचल्या जात होत्या. आणि इकडे नेहरूंनी 1 मेच्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले की भूक मोठी असली तरी धोरण गहाण टाकून मदत घेणार नाही.

घेणाऱ्याची ही बाजू प्रक्रियेच्या कुठल्याच तक्त्यात नसते, पण विधेयकाचे रूप तिनेच पालटले. मूळ विधेयकात मदत अनुदान म्हणून होती, म्हणजे फुकट. शेवटी ठरले कर्ज. वरवर पाहता हा भारताचा तोटा. पण मराठीत मिंधेपणा नावाचा एक शब्द आहे. ज्याने तो कधी सोसला असेल त्याला अनुदानाऐवजी कर्ज का बरे वाटले असेल हे समजावून सांगावे लागत नाही. फुकट दिलेल्या गव्हाला सतराशे अटी चिकटतात. व्याजाने घेतलेल्या गव्हाची अट एकच, परतफेड. त्या वेळी आपले अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातला हा माणूस मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सनदी सेवेत वाढला होता आणि रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला होता. तेव्हा कर्ज म्हणजे काय याची समज आपल्या बाजूला भरपूर होती.

16 मे रोजी सिनेटने 52 विरुद्ध 32 मतांनी विधेयक मंजूर केले. 24 मे रोजी प्रतिनिधिगृहाने 293 विरुद्ध 94 मतांनी. संयुक्त समितीने मसुदे जुळवले आणि 15 जून 1951 रोजी ट्रूमन यांनी सही केली. रक्कम 19 कोटी डॉलर. मुदत 35 वर्षे. व्याज अडीच टक्के.

विजयालक्ष्मी पंडितांनी मागणी केली त्या दिवसापासून मोजले तर 181 दिवस. त्यातला एक दिवसही अमेरिकेत गहू कमी पडला म्हणून गेला नाही.

पुस्तिकेत कायद्याचा मजकूर मराठीत समजावून दिला आहे. तो चार-पाच पानांचाच आहे आणि वाचकाने तो आधी वाचावा, आमचे विवेचन नंतर. त्यातल्या अटी अशा. धान्य वाटताना वंश किंवा राजकीय मत पाहून भेदभाव करू नये. हे धान्य कुठून आले ते लोकांना कळेल अशी प्रसिद्धी द्यावी. अमेरिकी निरीक्षकांना वाटप पाहू द्यावे. पहिली अट माणुसकीची, दुसरी जाहिरातीची, तिसरी अविश्वासाची, आणि तिन्ही एकाच दमात सांगितलेल्या. आणखी एक कलम आहे ते जहाजांचे. महायुद्धानंतर बांधून ठेवलेली जहाजे पुन्हा चालू करण्यासाठी 2 कोटी डॉलरपर्यंत उचल देण्याची सोय त्यात आहे. कायदा करणाऱ्यांना बंदरावर काय अडेल ते ठाऊक होते. भाषणांत गव्हाचे डोंगर असतात. कायद्यात ते कशात भरून न्यायचे हे लिहावे लागते. आणि एक तरतूद अशी, की भारत जे व्याज भरील त्यातले 50 लाख डॉलरपर्यंत शिक्षणाच्या देवाणघेवाणीवर खर्च करावेत. त्यातून भारतीय विद्यापीठांना पुस्तके मिळाली, ग्रंथपालांना अमेरिकेला जाता आले. भुकेवर भरलेल्या व्याजातून ग्रंथालयात पुस्तक यावे, हा त्या कायद्याचा सर्वांत अनपेक्षित भाग.

आता भिलाईची गोष्ट. 2 फेब्रुवारी 1955 रोजी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. वर्षाला 10 लाख टन पोलाद गाळणारा कारखाना, त्यासाठी सोव्हिएत कर्ज, बारा वर्षांत फेड, व्याज अडीच टक्के. व्याजाचा दर गव्हाच्या कर्जाचाच. तेव्हा दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. भंडारा, वर्धा, नागपूरकडची माणसे इथे कामाला येऊन स्थिरावली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. करारापासून भट्टी पेटायला चार वर्षे.

या करारासाठी मॉस्कोत कोणी विधेयक अडवले नाही. तिथे नियम समिती नव्हती, विरोधी भाषणे नव्हती, 52 विरुद्ध 32 नव्हते. ठरले आणि झाले. ही पुस्तिका काढणाऱ्या आमच्या वाचनगटात यावर बराच वाद झाला. प्लांटमध्ये उभी हयात घालवलेले एक काका म्हणाले, ‘मग बरेच की! सहा महिने भांडत बसण्यापेक्षा एक सही परवडली.’ त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही. भुकेला माणूस लोकशाहीच्या सौंदर्यावर पोट भरत नाही, आणि मदत वेळेवर आली नाही तर ती मदत राहत नाही.

पण त्याच टेबलावर दुसरी गोष्टही बोलली गेली. अमेरिकी सिनेटरांनी आपल्याबद्दल 1951 मध्ये काय काय म्हटले ते आज कोणालाही छापील कामकाजात वाचता येते. कोणाचा राग होता, कोणाला वाळू हवी होती, कोणाला फक्त माणसे जगवायची होती, सगळे नावानिशी. भिलाईला कर्ज देताना मॉस्कोत कोणी शंका काढली असेल, कोणी बदल्यात काही मागावे असे म्हटले असेल, तर त्याची तशी जाहीर नोंद आपल्यासाठी नाही. देणाऱ्याचे मन पहिल्या ठिकाणी उघडे आहे, दुसऱ्या ठिकाणी झाकलेले. मन उघडे असले म्हणजे ते चांगलेच असते असे नाही. पण ते दिसते तरी, आणि दिसले तर त्याच्याशी बोलता येते. नेहरूंना 1 मे रोजी नेमके कशाला उत्तर द्यायचे ते माहीत होते, कारण वाद उघड्यावर चालला होता.

याची उलट बाजूही पुस्तिकेत लपवलेली नाही. बोकारोच्या पोलाद कारखान्यासाठी भारताने अमेरिकेकडे मदत मागितली होती. राष्ट्राध्यक्ष केनेडी अनुकूल होते. पण 1963 मध्ये परदेशी मदतीचा आढावा घेणाऱ्या जनरल क्ले यांच्या समितीने सरकारी मालकीच्या उद्योगांना मदत देण्याविरुद्ध मत दिले आणि प्रतिनिधिगृहाने संसदेच्या संमतीशिवाय इतक्या मोठ्या प्रकल्पाला पैसा देता येणार नाही अशी दुरुस्ती मंजूर केली. भारताने मागणी मागे घेतली. जानेवारी 1965 मध्ये बोकारोचा करार सोव्हिएत संघाशी झाला. ज्या प्रक्रियेने 1951 मध्ये उशिरा का होईना गहू पाठवला, तिनेच बारा वर्षांनी पोलाद अडवले.

1951 नंतरचा गव्हाचा इतिहास पुस्तिकेच्या शेवटच्या भागात आहे. 1954 मध्ये अमेरिकेने पीएल 480 नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि दर खेपेला नवे विधेयक लागेनासे झाले. मे 1960 मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला जाऊन 1 कोटी 60 लाख टन गहू आणि 10 लाख टन तांदूळ यांच्या करारावर सही केली. मग साठच्या दशकाच्या मध्याला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायदा हाताशी असतानाही गहू मुद्दाम थोडा थोडा सोडला, तेव्हा कळले की कायदा झाला तरी नळाची तोटी दुसऱ्याच्याच हातात राहते. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रेशनच्या दुकानातला लाल मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी, खाल्ला. ती चव सांगणारी माणसे अजून आहेत. त्याच दुष्काळातून रोजगार हमी आली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मदतीची वाट पाहून थकलेल्या मुलखाने मागण्याऐवजी हक्क लिहून घेतला, असे मी त्याकडे पाहतो.

हे सगळे जुने आहे, आता याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी युक्रेन, इस्रायल आणि इतरांसाठी तातडीच्या निधीची मागणी संसदेकडे पाठवली. विधेयक प्रतिनिधिगृहात अडले. युक्रेनच्या आर्थिक मदतीचा भाग अनुदानाऐवजी, पुढे माफ करता येईल अशा, कर्जाच्या रूपात मांडला गेला, तेव्हा काही मते वळली. सही झाली 24 एप्रिल 2024 रोजी. सहा महिने, अडवणूक, अनुदानाचे कर्ज. 1951 ची फाइल वाचलेल्या माणसाला त्यात नवे काही दिसत नाही.

वाचकाला एकच सांगायचे आहे. परदेशी मदतीची बातमी आली की आपण विचारतो, किती दिले? त्याऐवजी विचारावे, कागद कुठवर आला? समितीत आहे की सभागृहात, अधिकार मिळाला की पैसाही मंजूर झाला, जहाजाचे कलम आहे का, आणि बदल्यात काय मागितले आहे. मदत मागणाऱ्या देशालाही हे वाचता आले पाहिजे आणि आज मदत देऊ लागलेल्या आपल्या देशालाही. श्रीलंकेतल्या कोणा वाचनगटाला उद्या 2022 च्या भारतीय मदतीवर अशी पुस्तिका काढावीशी वाटली, तर आपल्या संसदेच्या कामकाजात त्यांना किती पाने सापडतील, हा प्रश्न मला ही प्रस्तावना लिहिताना सारखा टोचत राहिला.

त्या दिवशी लाटलेल्या आठ पोळ्या आम्ही दोघांनी रात्री जेवताना संपवल्या. परातीला चिकटलेला कणकेचा लहानसा गोळा उरला होता. तो नवव्या पोळीला पुरत नव्हता.

आमदी नगर, हुडको, भिलाई